काकवीवरची चांदणी

विजयकर सर पडले ते अगदी ठेक्यावर पडले. मी मोठ्यानं मोजत होते, पाच, सहा, सात, आणि आठाला सर बुडावर.

"हसायचं नाही!" सर आडव्यानंच ओरडले. "कुणी हसलं तर याद राखा!"

कुणी हसलं नाही. म्हणजे सगळ्या मुलींनी तोंडं फिरवली आणि वैजूनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

दुपारचा एक वाजला होता आणि सहाला प्रयोग होता. गावाचं नाव मी सांगणार नाही, तिथली माणसं अजून दिवाळीला मला पत्र पाठवतात. मिरजेपासून तासाभराच्या अंतरावर, उसाचा आणि गुऱ्हाळांचा मुलूख. नाट्यगृह नवं कोरं, रंगाचा वास न गेलेला, आणि त्यात पहिलाच प्रयोग आमचा. तिथले व्यवस्थापक हिंदुराव माळवदे. मुंबईची मंडळी येणार म्हणून या गृहस्थांनी चार माणसं लावून आठ दिवस स्टेजची सागवानी फळी तेलमेणानं घासून घेतली होती.

"आरशावानी केलंय बगा," असं सकाळी ते छाती फुगवून म्हणाले होते. केलंच होतं. सर पडले तेव्हा मला त्यांचा चेहरा दोनदा दिसला, एकदा वर आणि एकदा फळीत.

आमची मंडळी बॅले करायची. खराखुरा, पायाच्या टोकावर उभं राहून करतात तो. सर तरुणपणी मुंबईत एका रशियन बाईंकडे तो शिकले आणि तेव्हापासून त्यांनी आपल्याला आणि आम्हाला सुखानं जगू दिलं नाही. नाच परदेशी, पण गोष्ट आपली हवी, असा त्यांचा हट्ट. म्हणून त्यांनी स्वतःच एक गोष्ट रचली होती. आभाळातली एक चांदणी ओढ्यावर पाणी भरायला उतरते. तिची टाच जमिनीला लागली तर ती कायमची माणूस होणार, म्हणून ती सबंध वेळ पायाच्या टोकावर. ओढ्याच्या आठ लाटा तिच्याभोवती नाचतात, शेवटी ती एकाच जागी सोळा गिरक्या घेते आणि परत आभाळात जाते.

तर त्या सोळा गिरक्यांतली पहिली दाखवायला गेले आणि सर माकडहाडावर बसले. गावच्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं, हलायचं नाही. चौघांनी त्यांना एका दाराच्या फळीवर घातलं आणि विश्रामगृहाकडे निघाले. निघताना सरांनी माझं मनगट धरलं.

"पमी, चांदणी नीट कर."

"हो सर."

"गिरक्या सोळा. पंधरा नाही."

"सोळा, सर."

"आणि माझी एक स्टेप बदललीस तर मंडळीतून नाव काढीन. मग मी मेलेला का असेना!"

"सर, तुम्ही पडलायत फक्त."

"तेच ते," असं म्हणून सर फळीवरून राजासारखे गेले.

आता माझं सांगते. नऊ वर्षं मी लाट होते. आधी शेवटची लाट, मग मधली, मग पहिली. चांदणी व्हायची सरोजिनी. नऊ वर्षं मी तिच्या डाव्या बाजूला उभी राहून तिच्या गिरक्या मोजल्या आणि रोज मनात म्हटलं, देवा, हिचं लग्न होऊ दे. शेवटी झालं एकदाचं, नवरा नैरोबीचा निघाला, आणि लग्नात मी इतकी नाचले की तिची सासू म्हणाली, ही मैत्रीण किती प्रेमळ! पण तोवर मी चौतिशीला आले होते. सर स्पष्ट म्हणाले, "पमी, मुंबईचे प्रयोग वैजू करेल. ती एकोणीस वर्षांची आहे. तुला हा बाहेरगावचा एक देतो." एक तर एक. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

आणि नेमका याच प्रयोगाला माझी आई येणार होती. मी घर सोडून बॅले करायला लागले तेव्हापासून आई माझ्याशी जेवलीस का आणि निजलीस का याच्या पलीकडे बोलली नव्हती. माझा एकही प्रयोग तिनं पाहिला नव्हता. ती मिरजेला अण्णाकडे, म्हणजे माझ्या भावाकडे राहायची. मी पत्र टाकलं, "आई, मी यात मुख्य आहे, मधोमध मीच असते, एकदा ये." उलट टपाली कार्ड आलं. "येते." पुढे सही. एवढंच. ते कार्ड मी पंधरा दिवस पर्समध्ये घालून हिंडत होते.

तेव्हा काही झालं तरी मला नाचायचंच होतं. आणि फळी तर पाय ठेवू देईना.

एरवी आम्ही बुटांच्या टोकांना राळ घासायचो, पण त्या मेणावर राळही घसरत होती. अशा वेळी सरांची एक युक्ती असे. बादलीभर पाण्यात गोड सोड्याच्या दोन बाटल्या ओतायच्या आणि त्या पाण्यानं स्टेज पुसून घ्यायचं. वाळलं की पायाला बेताची पकड येते. मी हिंदुरावांना म्हटलं, "गावात गोड सोडा मिळेल?"

"सोडा? पोट बिघाडलंय का ताई?"

"स्टेज पुसायचंय."

हिंदुरावांनी माझ्याकडे पाहिलं. मुंबईच्या माणसांबद्दल त्यांनी ऐकलं असणार बरंच, पण हे नव्हतं ऐकलेलं. सोडा गावात नव्हता. मग मलाच अक्कल सुचली.

"बरं, गूळ तर आहे? गुळाचं पाणी चालेल. बादलीभर पाण्यात ओंजळभर गूळ, आणि फडकं पिळून पुसायचं."

"एवडंच व्हय? तुमी जावा, निवांत पडा. मी जातीनं बगतो."

हे माझं चुकलं. एखादं काम कुणी जातीनं बघतो म्हटलं की आपण तिथून हलू नये. पण मी गेले, केस बांधले, पायाच्या बोटांना पट्ट्या गुंडाळल्या, चांदणीचा रुपेरी पोशाख अंगावर चढवला आणि आरशासमोर उभी राहून जरा रडूनही घेतलं, सुखानं. साडेतीनला स्टेजवर आले.

स्टेज सोन्याचं झालं होतं. या विंगेपासून त्या विंगेपर्यंत पिवळंधमक, जाड, चमकणारं. हिंदुराव कडेला धोतर खोचून उभे, हातात रिकामी घागर.

"हिंदुराव, हे काय आहे?"

"काकवी. माझ्या म्हेवण्याच्या गुऱ्हाळातली, आज सकाळची. दोन घागरी लागल्या बगा."

"अहो, मी पाण्यात ओंजळभर गूळ म्हटलं होतं!"

हिंदुरावांचा चेहरा खरोखर दुखावला. "ताई, आमच्यात पाव्हण्याला पाणी घालून देत न्हाईत."

मी म्हटलं, पुसा. पुसायला घेतलं तर फडकं फळीला चिकटलं. गरम पाण्याच्या चार बादल्या ओतल्या, तर काकवी थोडी पातळ झाली आणि फळ्यांच्या फटीत जाऊन बसली. शिवाय खालचं मेण सुटलं आणि दोन्ही मिळून असं काही झालं की ते चुलीवर असतं तर वड्या पाडता आल्या असत्या. मुंग्यांनाही तोवर निरोप पोचला होता.

"प्रयोग रद्द करू या," मी म्हटलं.

"रद्द?" हिंदुराव मटकन पायरीवर बसले. "ताई, साखर कारखान्याचे चेअरमन सहकुटुंब येणार. आठशे माणूस येतंय. पयलाच प्रयोग या वास्तूतला, आनि सकाळी नारळ फुटलाय. आता रद्द केला तर मला गाव सोडून जावं लागंल बगा." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात वैजू चिरमुरे खात आली. वैजू सदा काहीतरी खात असायची. "बघू तरी," म्हणत बूट घालून ती बिनधास्त स्टेजवर गेली. तीन पावलं नीट गेली. चौथ्याला पाय वर उचलला तर पाय आला, बूट आला नाही. तो आपला फळीवर एकटाच उभा. वैजूनं दोन्ही हातांनी धरून ओढला, तर दुसरा पाय अडकला. दोघी लाटा तिला सोडवायला गेल्या, त्याही अडकल्या. मग एकीनं दुसरीची कंबर धरली, दुसरीनं तिसरीची, सगळ्या मागे रेलून ओढताहेत, हसताहेत, किंचाळताहेत.

"गोड आहे, पमाताई!" बोट चाटत वैजू ओरडली.

मी त्यांना फाडून खाणार होते. तोंड उघडलंही होतं. पण माझं लक्ष त्यांच्या पाठींकडे गेलं. इतकी वर्षं या मुलींना सर अंग फुलासारखं हलकं ठेवायला शिकवत होते, आणि आज पहिल्यांदाच त्यांचं वजन दिसत होतं. पाय सुटत नव्हता आणि सगळं अंग वर जायला धडपडत होतं. काय सुंदर दिसत होत्या मेल्या!

"थांबा," मी म्हटलं. "अशाच थांबा. कुणी हलू नका."

"हलता येतंय कुठं!" मागून कुणीतरी म्हटलं.

मग मी काय केलं ते सांगते. नाट्यगृहाच्या मागच्या अंगणात सगळ्यांना नेलं, मातीत खडूच्या पुडीनं स्टेज आखलं आणि सरांचा बॅले मोडला. टेपवरचं संगीत तेच, गोष्ट तीच, बाकी सगळं वेगळं. चांदणी उतरते, चार पावलं टाकते आणि जमीन तिचा पाय धरून ठेवते. सोडतच नाही. लाटा एकेक करून सोडवायला येतात, एकेक अडकते. बूट निघाला तर तो तिथंच ठेवायचा, अनवाणी पुढे जायचं, आणि पाय उचलायचा तो सावकाश, काकवी सोडेल तेव्हाच. गिरकी एकही नाही. शेवटी सगळ्या मिळून चांदणीला ओढून वर उचलतात, आभाळ दोन हातांवर येतं, आणि तेव्हा ती आपणहून टाच खाली टेकवते.

डोकं माझं भट्टीसारखं पेटलं होतं. "तू सातला वाक, तू आठला, तू थांब, तू हात सोड!" इतकी मजा मला नाचतानासुद्धा आली नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही.

एवढ्यात विश्रामगृहावरून सरांची चिठ्ठी आली. "स्टेप बदलू नये. गिरक्या सोळा. शेकायला गरम विटा पाठवाव्यात." मी विटा पाठवल्या.

पाचला पहिल्यांदा सलग करून पाहिलं. मी चांदणी, मधोमध. दुसऱ्याच मिनिटाला मागून आवाज, "पमाताई, आता काय?" मी मान वळवून सांगितलं, माझं पुढचं चुकलं. परत सुरू केलं. "पमाताई, मी अडकायचं की ओढायचं?" परत थांबले. तिसऱ्यांदा मी ठरवलं, मागं बघायचंच नाही. माझं सगळं बरोबर आलं. वळून पाहिलं तर आठही जणी एकमेकींकडे टकामका बघत उभ्या.

त्यांची तरी काय चूक? तासाभरापूर्वी जन्मलेली गोष्ट, ती फक्त माझ्या डोक्यात होती. आणि संगीत टेपवर, एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. कुणीतरी विंगेत उभं राहून प्रत्येकीला प्रत्येक मात्रेला दाखवायला हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे कोण, हे मला लख्ख दिसत होतं. मी दुसरं काहीतरी दिसतंय का म्हणून पुष्कळ बघितलं. मुलींना नुसतं उभं करून ठेवावं आणि आपण एकटीनं नाचावं असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू, चांगलं दोन-तीन मिनिटं आलं.

"वैजू, चिरमुरे ठेव."

"संपलेच आहेत."

"हा पोशाख घाल."

वैजूचा शेवटचा घास अडकला. "मी? अहो पमाताई, तुमची आई येणार आहे ना!"

"येणार आहे. घाल."

"पण त्यांना तुम्ही सांगितलंय ना, मधोमध तुम्ही..."

"वैजू, मी आत्ता रडायला लागले तर माझं काजळ तुझ्या पोशाखावर पडेल. मुकाट्यानं हात वर कर."

तिनं हात वर केले. हूक लागेनात, चिरमुऱ्यांचा परिणाम. चार सेफ्टी पिना लावल्या. एक मलाच टोचली, ते बरं झालं, रडायला काहीतरी कारण मिळालं. मग मी माझं साधं सुती पातळ नेसले आणि उजव्या विंगेत जाऊन उभी राहिले. पडदा वर जाताना मी पहिल्या रांगांत आईला शोधलं. दिसली नाही. म्हटलं, आली नसेल तर फारच बरं.

पहिली दोन मिनिटं लोक हसले. हसणारच, काकवीत पाय अडकणं त्या मुलखात कुणाला नवं आहे? वैजूचा पहिला बूट फळीवर उभा राहिला तेव्हा वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "आगं, पाय तिरका करून उचल!" दुसरा म्हणाला, "आंबील पाज तिला, जोर येईल!" मग लाटा एकेक करून अडकायला लागल्या आणि हसू कमी कमी होत गेलं. लोक पुढे झुकले. तिसरी लाट ओढायला आली तेव्हा तेच वरचे आवाज हळूच म्हणायला लागले, "ओढ... ओढ पोरी..." शेवटी वैजूनं टाच टेकवली तेव्हा आठशे माणसांत खोकलासुद्धा ऐकू आला नाही. त्यानंतर जे टाळ्यांचं झालं त्यात टेप बंद करायचं कुणाला सुचेना. चेअरमन कौतुकानं स्टेजवर चढले आणि कोल्हापुरी चपलांसकट जागच्या जागी थांबले. त्यांचं आभाराचं भाषण तिथूनच झालं, लांबलं, कारण त्यांना जाता येत नव्हतं.

सरांना मी दुसऱ्या दिवशी सगळं खरं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "मुंबईला काकवी कुठं मिळते चौकशी कर." पुढच्या वर्षी नवा बॅले त्यांनी मला बसवायला दिला, आणि सहा वर्षांनी सगळी मंडळीच माझ्या हातात दिली. आज सत्तावीस वर्षं ती मी चालवतेय. पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं, की नऊ वर्षं वाट पाहिलेली चांदणी मी माझ्या हातानं दुसरीच्या अंगावर चढवली होती आणि आता ती मला परत मिळणार नव्हती. मिळालीही नाही.

पडदा पडला, मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि तशाच चिकटल्या. मी विंगेतल्या ट्रंकेवर बसले होते. पातळाचे काठ गुडघ्यापर्यंत काकवीनं कडक झालेले, आवाज मोजून मोजून बसलेला. आणि समोरून आई आली. अण्णाच्या हाताला धरून, चपला हातात घेऊन, एकेक पाऊल सोडवत.

"मेल्यांनी जागा कसली दिली गं!" आई आल्या आल्या म्हणाली. "सगळ्या पुढच्या खुर्च्या चेअरमनच्या माणसांनी घेतलेल्या. आम्हाला अगदी डाव्या टोकाला, भिंतीला टेकवून बसवलं. पुढे ते भाषणाचं लाकडी कपाट आणि त्यावर हा एवढा कर्णा."

"आई, ऐक ना," मी म्हटलं. "मी तुला लिहिलं होतं ना, मी मधोमध असते म्हणून. पण आज मी नाचलेच नाही गं. ती चांदणी मी नव्हते. मी नुसती इथं, विंगेत उभी होते."

आईला वाटलं असावं मी तिची थट्टा करतेय.

"नाचली नाहीस कशी? त्या कपाटाच्या कडेनं मला एवढीच जागा दिसत होती, ही, तू बसलीयस ती. सबंध वेळ डोळा हलवला नाही मी. कधी वाकत होतीस, कधी कुणाला ओढत होतीस, कधी अडकत होतीस, मधेच हात असे वर, आणि शेवटी टाच टेकवलीस तेव्हा तर मला रडूच आलं."

मी तिच्या पोटात तोंड खुपसलं आणि लहान मुलीसारखी हमसाहमशी रडले. आईनं माझ्या केसांतली एक मुंगी काढून टाकली. मग पलीकडे उड्या मारणाऱ्या मुलींकडे तिची नजर गेली.

"एवढ्या मुली आणल्या होत्या तुमच्या सरांनी," ती जरा रागानंच म्हणाली, "मग सगळं तुला एकटीलाच का गं करायला लावलं?"